वऱ्हाडचा सारा, कंटिंजंट फौज आणि देव न मानणारा सैनिक

भारतीय लष्करात भरती झालेल्या जवानाला शपथ घ्यावी लागते. १९५० चा लष्कर अधिनियम आणि १९५४ चे लष्कर नियम यांत या शपथेचा नमुना ठरवून दिला आहे आणि त्याची सुरुवात दोन प्रकारे करता येते. जवान ईश्वरसाक्ष शपथ घेऊ शकतो किंवा देवाचे नाव न घेता गांभीर्यपूर्वक दृढकथन करू शकतो. पुढचा मजकूर दोघांना सारखाच आहे. राज्यघटनेशी निष्ठा राखीन, जमिनीवरून, समुद्रावरून वा आकाशातून जिथे हुकूम होईल तिथे जाईन, राष्ट्रपतींच्या आणि वरिष्ठांच्या आज्ञा जिवावर बेतले तरी पाळीन, असे तो सांगतो. देव न मानणाऱ्या माणसाची लष्करी कायद्याने घेतलेली सर्वात स्पष्ट दखल ती हीच. शपथेचा दिवस सरल्यावर त्याची गाठ पडते ती वेगळ्याच व्यवस्थेशी. मंदिर परेड, गुरुद्वारा, धर्मशिक्षक, रणघोषणा या सगळ्यांत माणूस कोणत्या ना कोणत्या धर्माचा आहे हे गृहीतच असते. ही व्यवस्था दोनशे वर्षांत घडत गेली. तिचा बराचसा खर्च ज्या मुलखांनी भरला त्यांत वऱ्हाड होते आणि वऱ्हाडात जळगाव जामोदचा परिसरही होता.

ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत शिपायाच्या धर्माला हात लावायचा नाही हा नियम तत्त्वातून नव्हे, धसक्यातून आला. मद्रास फौजेत नवा गणवेश लागू करताना कपाळावरचे गंध पुसायला, दाढ्या कापायला आणि चामडे लावलेली नवी पगडी घालायला सांगण्यात आले. १० जुलै १८०६ च्या पहाटे वेल्लोरच्या किल्ल्यातले शिपाई उठले आणि त्यांनी गोऱ्या पलटणीची कत्तल केली. बंड त्याच दिवशी मोडले, हुकूम मात्र मागे घ्यावा लागला. तेव्हापासून कंपनीच्या अधिकाऱ्यांनी एक खूणगाठ बांधली की शिपायाचा पगार थकला तर तो कुरकुरतो, पण धर्मात ढवळाढवळ झाली तर तो बंदूक उलटी फिरवतो. या हिशेबात शिपाई एकेकटा मोजलेला नव्हता. मोजली जात होती ती त्याची जात, त्याचा पंथ, त्याचा जमाव. एखाद्या शिपायाची स्वतःची श्रद्धा जमावापेक्षा वेगळी असू शकते, किंवा त्याला श्रद्धाच नसू शकते, हा विचार त्या काळच्या लष्करी कागदपत्रांच्या कक्षेतच नव्हता.

मुंबईची फौज याला थोडी अपवाद होती. बंगालच्या फौजेत अवधचे ब्राह्मण आणि रजपूत यांचा भरणा होता आणि सोवळेओवळे, चुली, पंगती यांवर कवायतीइतकेच लक्ष द्यावे लागे. मुंबई फौजेच्या पलटणींत मराठे, महार, मुसलमान, परदेशी म्हणजे उत्तर हिंदुस्थानी, यहुदी एकाच रांगेत उभे राहत. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला लढलेली मुंबईची पलटण याच धाटणीची होती आणि तिथल्या स्तंभावर कोरलेल्या नावांत महार शिपायांची नावे मोठ्या संख्येने आहेत. जॉन जेकबसारखे मुंबईकडचे अधिकारी बंगालच्या पद्धतीवर उघड टीका करीत. रांगेत उभा राहिल्यावर शिपाई हा शिपाईच, त्याची जात छावणीबाहेर, असा त्यांचा आग्रह असे. या आग्रहात व्यक्तीच्या स्वातंत्र्याचे एक बीज होते. ते रुजू शकले असते, पण पुढच्या धोरणाने ते उपटून टाकले.

वऱ्हाडाचा संबंध येतो तो निजामाच्या कंटिंजंट फौजेमुळे. हैदराबाद कंटिंजंट ही नावाने निजामाची, पण अधिकारी इंग्रज आणि हुकूम रेसिडेंटचा अशी फौज होती. एलिचपूर, हिंगोली, जालना, औरंगाबाद, बोलारम इथे तिच्या छावण्या होत्या. तिचा पगार निजामाने द्यायचा आणि तो सतत थकायचा. थकबाकी वाढत गेली, कंपनीने कर्ज दिले, कर्जावर व्याज चढले आणि शेवटी २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, नळदुर्ग-धाराशिवचा भाग आणि रायचूर दुआब हे मुलूख कंपनीच्या ताब्यात गेले. या मुलखांच्या उत्पन्नातून किमान ५,००० पायदळ, २,००० घोडेस्वार आणि चार तोफखाने पोसायचे, असे तहात ठरले. धाराशिव आणि रायचूर १८६० मध्ये निजामाला परत मिळाले, वऱ्हाड मिळाले नाही. सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्णेपर्यंत पसरलेला जळगाव जामोद तालुका या वऱ्हाडाच्या उत्तर कडेचा. तो पुढे अकोला जिल्ह्यात राहिला आणि १९०५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याला जोडला गेला. पयनघाट म्हणजे वऱ्हाडच्या सखल पट्ट्यातल्या काळ्या रानात कपाशी आणि ज्वारी पिकवणारा इथला कुणबी दरवर्षी जो सारा भरत होता, त्यातला वाटा अशा फौजेच्या पगाराला जात होता जिच्यात त्याच्या गावचा माणूस क्वचितच असे. कंटिंजंटची भरती मोठ्या प्रमाणावर उत्तर हिंदुस्थानातून होई.

वऱ्हाड ताब्यात येऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती, तोच या फौजेत धर्मावरून रक्त सांडले. १८५५ च्या सप्टेंबरात मोहरम आला. बोलारमच्या छावणीचा प्रमुख ब्रिगेडियर कॉलिन मॅकेंझी हा अफगाण युद्धातून तावून सुलाखून निघालेला आणि अत्यंत धर्मनिष्ठ ख्रिस्ती गृहस्थ होता. त्या वर्षी मोहरमच्या दिवसांत रविवार येत होता. रविवारी ख्रिस्ती उपासनेच्या दिवशी छावणीत ताशे-ढोल वाजवून मिरवणुका निघू नयेत, असा त्याने हुकूम काढला. शिपायांत चलबिचल झाली आणि हुकूम सौम्य करावा लागला, पण तोवर मने बिघडली होती. तिसऱ्या रिसाल्याच्या लोकांची मिरवणूक त्याच्या बंगल्याजवळून निघाली तेव्हा मॅकेंझी स्वतः बाहेर आला आणि त्याने मिरवणुकीतली निशाणे हिसकावून घेतली. थोड्याच वेळात स्वार तलवारी उपसून त्याच्यावर तुटून पडले. तो गंभीर जखमी झाला, वाचला हे नशीब. गव्हर्नर जनरल डलहौसीने हल्लेखोरांना दोषी धरलेच, पण मॅकेंझीच्या वागण्यावरही ठपका ठेवला.

या प्रकरणात दोन्ही बाजू धार्मिक होत्या आणि दोघांनाही आपला धर्म छावणीच्या सार्वजनिक जागेत दिसायला हवा होता. एकाला आपल्या रविवारची शांतता सगळ्यांवर लादायची होती, दुसऱ्याला आपली मिरवणूक साहेबाच्या दारावरून न्यायची होती. सरकारने यातून धडा घेतला तो इतकाच की अधिकाऱ्याने आपली श्रद्धा शिपायांच्या श्रद्धेच्या आड आणू नये. अधिकाऱ्याने शिपायांच्या उत्सवात सामील व्हावे का, आणि त्याला नको असेल तर काय, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. तो विचारला गेला दीडशेहून अधिक वर्षांनी, एका वेगळ्याच रिसाल्यात.

१८५७ नंतर जुना धसका धोरण बनला. १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात धर्मामुळे कोणावर मेहेरबानी होणार नाही आणि कोणाला त्रासही होणार नाही असे वचन दिले गेले. शब्द उदार होते, पण लष्करात त्यांचा अर्थ जमातींच्या भाषेत लावला गेला. फ्रेडरिक रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असताना लढाऊ जातींचा सिद्धांत पक्का झाला. पलटणीतली प्रत्येक कंपनी म्हणजे एका जातीची तुकडी, पलटणीत अशा ठरावीक तुकड्या, प्रत्येक तुकडीची आपली देवता, आपले सण, आपला पुरोहित अशी रचना बसवण्यात आली. मुंबई फौजेची मिसळलेली रांग मोडली. महारांची भरती १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाली.

याच काळात शिपायांतूनच धर्मग्रंथांना जाब विचारणारा आवाज उठला. गोपाळबाबा वलंगकर हे कोकणातले महार हवालदार १८८६ मध्ये पेन्शन घेऊन दापोलीला राहिले. जोतीराव फुल्यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल ठसा होता. १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहून त्यांनी अस्पृश्यतेला शास्त्राचा कोणता आधार आहे हे शास्त्रीपंडितांनाच विचारले आणि पुढे महारांची लष्करभरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून विनंतीपत्र तयार केले. वलंगकर नास्तिक नव्हते. पण सैन्यातून आलेला माणूस धर्माच्या अधिकाराला लेखी आव्हान देतो, हे त्या काळात विलक्षण होते. छावणीतल्या शाळेने दिलेले अक्षरज्ञान आणि पेन्शनीने दिलेले स्वावलंबन यांशिवाय ते घडले नसते. दापोलीत स्थिरावलेल्या पेन्शनर शिपायांत आंबेडकरांचे वडील, लष्करी शाळेत शिकवलेले कबीरपंथी सुभेदार रामजी सकपाळ, हेही होते.

देव न मानणाऱ्याच्या शपथेचा प्रश्न मात्र इंग्लंडमध्ये पेटला आणि तो पेटवणारा माणूस जुना सैनिक होता. चार्ल्स ब्रॅडलॉ १८५० मध्ये सातव्या ड्रॅगून गार्ड्समध्ये भरती झाला आणि आयर्लंडमध्ये तैनात होता. ब्रिटिश फौजेत तेव्हा रविवारची चर्च परेड सक्तीची होती. सैनिक कोणत्या पंथाचा एवढेच विचारले जाई, पंथ आहे की नाही हे नाही. त्याच्या मुलीने लिहिलेल्या चरित्रात एक प्रसंग आहे. डब्लिनजवळच्या चर्चमध्ये पाद्रीने केलेल्या प्रवचनावर ब्रॅडलॉने आक्षेप लिहून पाठवले. पुढच्या रविवारी पाद्री व्यासपीठावरून त्याच्यावर बरसू लागला, तेव्हा बाकांवर बसलेल्या ड्रॅगूनांनी कमरेच्या तलवारी सोडून फरशीवर आपटायला सुरुवात केली आणि त्या खणखणाटात प्रवचन बुडून गेले. बरोबरच्या शिपायांत सगळे नास्तिक असणे शक्य नव्हते. आपल्यातल्या एकाला सक्तीने आणून बसवायचे आणि वर त्याची निंदा करायची, हे त्यांना रुचले नव्हते.

ब्रॅडलॉने १८५३ मध्ये पैसे भरून फौजेतून सुटका करून घेतली. १८८० मध्ये तो नॉर्दॅम्प्टनहून पार्लमेंटवर निवडून आला आणि देवाच्या नावाची शपथ घेण्याऐवजी दृढकथन करू द्यावे अशी त्याने मागणी केली. त्याला बसू दिले नाही, अटक झाली, जागा रिकामी ठरवली गेली आणि मतदारांनी त्याला पुन्हा पुन्हा निवडून दिले. १८८६ मध्ये तो सभागृहात बसला आणि १८८८ चा शपथांचा कायदा त्याच्याच प्रयत्नाने झाला. ज्याला धर्मविश्वास नाही त्यालाही आता सर्व ठिकाणी शपथेऐवजी दृढकथन करता येऊ लागले. पुढच्याच वर्षी डिसेंबरात ब्रॅडलॉ काँग्रेसच्या अधिवेशनासाठी मुंबईला आला. हिंदुस्थानचा कैवारी म्हणून त्याचे मोठे स्वागत झाले.

हिंदुस्थानातला कायदा या बाबतीत आधीच पुढे गेलेला होता, पण वेगळ्या वाटेने. कचेऱ्यांत गंगाजल किंवा कुराण हाती घेऊन शपथ घेणे अनेक प्रतिष्ठित हिंदू-मुसलमानांना अधर्म वाटे. म्हणून १८४० च्या पाचव्या कायद्याने त्यांना गांभीर्यपूर्वक कथन करण्याची मुभा दिली आणि १८७३ च्या शपथ कायद्याने ती मुभा शपथेला हरकत असणाऱ्या कोणालाही मिळाली. म्हणजे नास्तिकाला इथे जी सवलत लाभली ती आस्तिकाच्या संकोचातून जन्मलेली होती. कारण काहीही असो, दार उघडले होते. स्वतंत्र भारताने १९६९ मध्ये शपथांचा नवा कायदा केला तेव्हाही ते उघडेच ठेवले.

राज्यघटना तयार होत असताना हा विषय दोनदा ऐरणीवर आला. राष्ट्रपतींच्या शपथेचा मसुदा चर्चेला आला तेव्हा देवाचे नाव असावे असा काही सदस्यांचा आग्रह होता. डॉ. आंबेडकरांनी दोन्ही पर्याय ठेवायला मान्यता दिली आणि तिसऱ्या अनुसूचीतल्या सर्व शपथांना तेच रूप मिळाले. दुसरा प्रसंग अधिक चुरशीचा होता. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी उद्देशपत्रिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी अशी दुरुस्ती ह. वि. कामत यांनी मांडली. कामत हे मध्य प्रांत व वऱ्हाडचेच प्रतिनिधी. हृदयनाथ कुंझरू यांनी विरोध केला. हा पवित्र विषय मतांना टाकू नका, असे पूर्णिमा बॅनर्जी यांनी विनवले, पण मतदान झालेच. बाजूने ४१ आणि विरोधात ६८ मते पडली. ज्यांनी विरोधात मत दिले त्यांत देव मानणारेच बहुसंख्य असणार. श्रद्धा ही ज्याची त्याची बाब आहे, ती राष्ट्राने सर्वांच्या वतीने जाहीर करायची नाही, ही भूमिका त्या दिवशी जिंकली. तिचे महत्त्व फार मोठे आहे, कारण पुढे लष्कराने निष्ठा वाहिली ती या घटनेला.

घटनेच्या अनुच्छेद २५ ने प्रत्येक व्यक्तीला सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले. धर्म पाळण्याचा हक्क त्याच्यापाठोपाठ येतो. विवेकाचे स्वातंत्र्य आधी आहे आणि त्यात न मानण्याचे स्वातंत्र्य येते, असे न्यायालयांनी पुढे स्पष्ट केले. अनुच्छेद ३३ मात्र संसदेला सांगतो की सेनादलांत कर्तव्य नीट बजावले जावे आणि शिस्त टिकावी म्हणून मूलभूत हक्क किती प्रमाणात लागू करायचे ते कायद्याने ठरवता येईल. संसदेने लष्कर अधिनियमाच्या कलम २१ मध्ये हे निर्बंध कशावर घालता येतील ते नोंदवले. कामगार संघटना वा इतर संस्थांचे सदस्यत्व, सभा-निदर्शनांत भाग, वृत्तपत्रांशी संपर्क एवढ्याच बाबी त्यात आहेत. विवेकाच्या स्वातंत्र्याचा उल्लेख नाही. उलट कलम ६४ प्रमाणे कोणाच्या धर्माचा जाणूनबुजून अपमान करणे हा लष्करी गुन्हा आहे. कागदावर पाहिले तर देव न मानणाऱ्या सैनिकाचा हक्क शाबूत दिसतो. अडचण कायद्यात कमी आणि छावणीच्या रोजच्या जगण्यात जास्त आहे.

ते जगणे असे. पलटणीचे मंदिर किंवा गुरुद्वारा असतो. वेगवेगळ्या धर्मांचे जवान असलेल्या तुकड्यांत सर्वधर्मस्थळ असते, एका छपराखाली मंदिर, मशीद, गुरुद्वारा आणि चर्च. आठवड्याला मंदिर परेड होते आणि ती परेडच असते, म्हणजे गैरहजेरी ही गैरहजेरीच धरली जाते. ज्युनियर कमिशन्ड ऑफिसरच्या दर्जाचे धर्मशिक्षक पूजा-पाठ चालवतात. भरतीच्या जाहिरातींत त्यांचे वर्ग दिलेले असतात: पंडित, गुरख्यांसाठी पंडित, ग्रंथी, सुन्नी मौलवी, लडाख स्काउट्ससाठी शिया मौलवी, पाद्री आणि लडाख स्काउट्ससाठीच महायान पंथाचे बौद्ध भिक्खू. त्यांची कामे नुसती कर्मकांडाची नाहीत. रुग्णालयात आजाऱ्यांना धीर देणे, शिक्षा भोगणाऱ्या जवानांना भेटणे, अंत्यविधी पार पाडणे हेही त्यांच्याकडे असते. या धर्मशिक्षकांच्या प्रशिक्षणाची संस्था, राष्ट्रीय एकात्मता संस्था, पुण्यात आहे. पुण्याजवळच खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे आणि तिथल्या छात्रांची प्रार्थना कोणत्याही एका धर्माची नसली तरी देवाला उद्देशून आहे. कसम परेडच्या दिवशी चारही धर्मांचे गुरू आपापले ग्रंथ घेऊन मैदानात येतात, तिरंगा समोर असतो आणि जवान ग्रंथाला साक्षी ठेवून शब्द देतात.

या परंपरेत फार मोलाचे काही आहे, ते नाकारणे अन्यायाचे होईल. मुसलमान अधिकारी रजपूत जवानांबरोबर आरतीला उभा राहतो, हिंदू अधिकारी शीख तुकडीत डोक्याला रुमाल बांधून अरदास ऐकतो आणि जवानांना कळते की साहेब आपला आहे. बोलारमचा मॅकेंझी जे करू शकला नाही ते इथे रोज घडते. पण या सौहार्दाचा पाया असा आहे की प्रत्येकाने सगळ्यांच्या देवांना नमस्कार करावा. कोणालाच नमस्कार न करणारा माणूस या हिशेबात बसत नाही. तो इतरांची पूजा थांबवू पाहत नाही. तो फक्त दाराशी उभा राहू इच्छितो.

रणघोषणांतही हेच दिसते. रजपुतांची घोषणा बजरंगबलीची, डोग्रांची ज्वालामातेची, शिखांची सत श्री अकालची. वऱ्हाडच्या साऱ्यावर पोसलेल्या कंटिंजंटचे १९०३ मध्ये हिंदी फौजेत विलीनीकरण झाले, तेव्हा तिच्यातल्या एका पलटणीला ९६ वी बेरार इन्फन्ट्री असे नाव मिळाले. १९२२ मध्ये ती १९ व्या हैदराबाद रेजिमेंटची दुसरी पलटण झाली आणि १९४५ मध्ये ही रेजिमेंट कुमाऊं रेजिमेंट झाली. त्या दुसऱ्या पलटणीच्या नावाला ‘बेरार’ अजून जोडलेले आहे, पण तिची घोषणा कालिकामातेची आहे. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटची घोषणा मात्र कोणत्याही देवाची नाही. ती हिंदुस्थानच्या जयाची आहे. देव मानणारा आणि न मानणारा, दोघांनाही ती छातीभर हवा घेऊन देता येते.

महार रेजिमेंटमुळेच या विषयाची मराठी बाजू सर्वात ठळक होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आंबेडकरांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि अनुयायांना २२ प्रतिज्ञा दिल्या. त्यांतल्या सुरुवातीच्या प्रतिज्ञा देवदेवतांना न मानण्याच्या आणि त्यांची उपासना न करण्याच्या आहेत. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील बौद्धांची संख्या सुमारे २८ लाख नोंदली गेली. बुलढाणा जिल्ह्यात २०११ साली दर शंभरांत सुमारे चौदा माणसे बौद्ध होती. या समाजात लष्कराची परंपरा जुनी आहे. बौद्ध म्हणजे नास्तिक असे म्हणता येणार नाही, बौद्ध धम्म हा एक धर्म आहे आणि त्याची स्वतःची वंदना, स्वतःची विहारे आहेत. पण प्रतिज्ञा मनापासून पाळणारा मराठी बौद्ध जवान आरतीच्या वेळी ज्या पेचात सापडतो, तो निरीश्वरवाद्याच्या पेचाहून वेगळा नाही. धर्मशिक्षकांच्या यादीत भिक्खू आहेत ते लडाखच्या महायान परंपरेचे आणि तिथल्याच पलटणींसाठी. सागर येथे केंद्र असलेल्या महार रेजिमेंटमधल्या आंबेडकरी बौद्धासाठी या यादीत काही नाही.

नागरी जीवनात हा पेच मुंबई उच्च न्यायालयाने दोनदा सोडवला. नाशिकच्या एका शाळेतले शिक्षक संजय साळवे यांनी प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला आणि त्यांची वेतनश्रेणी अडवण्यात आली. ते प्रार्थनेला शांतपणे उभे राहत, फक्त हात जोडत नसत. २०१३ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक आणि रेवती मोहिते डेरे यांच्या खंडपीठाने सांगितले की असे हात जोडायला लावणे घटनेला धरून नाही. पुढच्याच वर्षी, २३ सप्टेंबर २०१४ रोजी, न्यायमूर्ती ओक आणि अतुल चांदुरकर यांच्यापुढे डॉ. रणजित मोहिते आणि इतर दोघांची याचिका आली. राजपत्रात आपली नोंद ‘कोणताही धर्म नाही’ अशी व्हावी ही त्यांची मागणी सरकारी मुद्रणालयाने फेटाळली होती. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की याचिकाकर्ते येशूला मानणारे होते, पण कोणताही धर्म त्यांना नको होता. कोणत्याही सरकारी अर्जावर धर्म सांगायची सक्ती करता येणार नाही आणि आपला धर्म नाही असे म्हणण्याचा प्रत्येकाला हक्क आहे, असा निर्णय झाला. २०११ च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक म्हणवणारे देशभरात सुमारे ३३ हजार होते आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटा सर्वात मोठा, साडेनऊ हजारांहून अधिक होता. या लोकांना आधार देणारा हा निर्णय होता.

लष्कराच्या बाबतीत न्यायालयांनी वेगळा रस्ता धरला. लेफ्टनंट सॅम्युअल कमलेसन २०१७ मध्ये तिसऱ्या कॅव्हलरीत दाखल झाले आणि शीख जवानांच्या स्क्वॉड्रनमधल्या एका ट्रूपचे, म्हणजे तुकडीचे, नेतृत्व त्यांच्याकडे आले. ते प्रोटेस्टंट ख्रिस्ती. रेजिमेंटमध्ये मंदिर आणि गुरुद्वारा होते. जवानांबरोबर आपण साप्ताहिक परेडला जातो, सणांत सहभागी होतो, फक्त पूजा-आरतीच्या वेळी गाभाऱ्यात जाण्यातून सूट द्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. वरिष्ठांनी अनेकदा समजावले, पाद्रींशी बोलणे करून दिले, ते बधले नाहीत. ३ मार्च २०२१ रोजी लष्कर अधिनियमाचे कलम १९ आणि लष्कर नियमांतला नियम १४ यांखाली त्यांना पेन्शन व ग्रॅच्युइटीशिवाय बडतर्फ करण्यात आले. ३० मे २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने बडतर्फी कायम केली. हा धर्मस्वातंत्र्याचा नव्हे तर वरिष्ठाची कायदेशीर आज्ञा मोडल्याचा प्रश्न आहे आणि तुकडीचे नेतृत्व करणाऱ्याची जबाबदारी जास्त असते, असे न्यायमूर्ती नवीन चावला आणि शालिंदर कौर यांनी म्हटले. २५ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिला.

कमलेसन श्रद्धावान आहेत, नास्तिक नाहीत. पण त्यांच्या प्रकरणातला मुद्दा देव न मानणाऱ्यांना जशाच्या तसा लागू पडतो, किंबहुना जास्त टोकदारपणे. ख्रिस्ती माणसाला निदान आपला पाद्री काय म्हणतो याचा आधार घेता येतो. न्यायालयातही पाद्रीच्या मताची चर्चा झाली. नास्तिकाचा असा कोणी धर्मगुरू नसतो. त्याचा विवेक हा त्याचा एकट्याचा असतो आणि तो खरा आहे की हटवादीपणा, हे ठरवायला शिस्तीच्या चौकटीत कोणतेही माप नाही. हात न जोडता उभे राहणाऱ्या साळवे यांना न्यायालयाने ज्या कारणासाठी संरक्षण दिले, ते कारण छावणीच्या फाटकाशी संपते का, हा प्रश्न भारतीय न्यायालयांपुढे एखाद्या निरीश्वरवादी सैनिकाच्या नावाने यायचा आहे.

इतर देशांनी यावर वेगवेगळे तोडगे काढले. ब्रिटिश फौजेतली सक्तीची चर्च परेड दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, बंद झाली. अमेरिकेत लष्करी प्रबोधिन्यांतील छात्रांना रविवारी चर्चला जाणे बंधनकारक होते. ते १९७२ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले आणि २०१४ पासून सैनिकाला आपल्या नोंदीत ‘मानवतावादी’ असे लिहिता येऊ लागले. नेदरलँड्सच्या सेनादलांत १९६४ पासून पाद्रींच्या बरोबरीने मानवतावादी समुपदेशक नेमले जातात. आजारी, शोकग्रस्त, भेदरलेल्या सैनिकाशी ते देवाचा विषय न काढता बोलतात. महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या थडग्यांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने कुटुंबाची इच्छा असेल तर दगडावर धर्मचिन्ह न कोरण्याची मुभा ठेवली होती. भारतात धर्मशिक्षकांची पदे भरली जातात त्यांत असा वर्ग नाही आणि धार्मिक परेडमधून विवेकाच्या कारणाने सूट मागण्याची लेखी पद्धतही ठरलेली नाही. ती सूट आज कमांडिंग ऑफिसरच्या समजूतदारपणावर अवलंबून आहे.